पाव्हणेवाडीचा तिघांना जाहीर पाठिंबा

तर कारभारी खुर्चीवर चढला, इथपर्यंत काल गोष्ट आली होती. खुर्ची प्लास्टिकची, त्याच्याच मंडपाची, एक पाय जरा वाकडा. हातात माईक, तोही त्याचाच. समोर त्याच्याच सतरंजीवर बसलेली सगळी पाव्हणेवाडी. खाली त्याची बायको अन्नपूर्णा खुर्ची धरून उभी होती. नवरा पडू नये म्हणून, की पडलाच तर हसायला जवळ असावं म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

"आजपासून," कारभारी कर्ण्यातून गरजला, "बाहेरगावकर हक्क समिती स्थापन झाली, असं मी जाहीर करतो!"

"अध्यक्ष कोन?" मागून कोणीतरी विचारलं.

"माईक कोणाचा आहे?"

झालं. अध्यक्ष ठरला. याहून कमी वेळात अध्यक्ष ठरलेली समिती आपल्या जिल्ह्यात तरी दुसरी नसेल.

आता काल ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे गाव संग्रामपूरच्या अलीकडचं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथली माणसं एरवी पारावर आडवी असतात, पण गावाचं नाव कुठं छापून आलं की भांडायला पार शेगावपर्यंत येतात. गावाच्या कडेला, जिथं डांबरी संपते आणि धुरळा सुरू होतो, तिथं एक वस्ती. सातपुड्यापलीकडून कापूस वेचायला आलेली आणि परत न गेलेली बिऱ्हाडं, एक राजस्थानचा कुल्फीवाला, एक पाणीपुरीवाला भैया, फरशी बसवणारे बिहारचे दोघं भाऊ. गावानं तिचं नाव ठेवलं पाव्हणेवाडी, आणि नाव ठेवून गाव आठवडाभर हसलं. आपल्याकडे पाव्हणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात. या पाव्हण्यांसाठी मात्र नळाचा पाइप गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आला, आणि तिथं जो दमून बसला तो उठलाच नाही.

कारभारी कुठला? धाडचा. धाड म्हणजे काही लंका नव्हे. याच जिल्ह्यातलं, बुलढाण्याजवळचं चांगलं बाजाराचं गाव. पण ते पडलं जालन्याच्या अंगाला, आणि हे सातपुड्याच्या पायथ्याला. तो 'मला-तुला' बोलतो, हे 'मले-तुले' बोलतात. तेवढ्यावर त्याला परदेशी ठरवायला गावाला पुरेसं झालं. तरुणपणी तो नवरदेवाकडच्या मंडपाबरोबर इथं आला होता. बांबूवर चढून झालर बांधताना त्याच्या हातातली हातोडी सुटली ती थेट एका म्हाताऱ्याच्या पायाजवळ पडली. म्हातारा शिव्या द्यायला धावला. शिव्या देतादेता कोणाचा कोण, कुळी कोणती, मामाचं गाव कोणतं, असं विचारत गेला, आणि लग्न उरकायच्या आत त्याला जावई करून मोकळा झाला. म्हाताऱ्याला एकुलती एक अन्नपूर्णा. कारभारी घरजावई झाला. सासऱ्याची जागा नेमकी गावाच्या कडेला. पुढं तिथं वस्ती वाढली आणि गावात जन्मलेली, गावातल्या शाळेत शिकलेली अन्नपूर्णाही बसल्या जागी बाहेरची झाली.

"मी कोठी गेली नाही, कोठून आली नाही," ती म्हणायची, "अन् तुमच्यापायी पाव्हणी झाली."

मंडपाचा धंदा मात्र कारभाऱ्यानं झकास जमवला. लग्न, बारसं, तेरवी, सप्ताह, प्रचारसभा, सगळीकडे त्याच्याच खुर्च्या. त्याच्या हिशेबी या सगळ्यात फरक एवढाच की कुठं हार घालतात आणि कुठं फुलं वाहतात. बाकी सतरंजी तीच, कनात तीच, आणि माईकसमोर उभा राहून 'दोन शब्द' म्हणत तासभर खाणारा माणूसही बहुतेक तोच.

समिती काढायची पाळी आली ती पाण्यामुळं. पाव्हणेवाडीच्या बाया पाणी आणायच्या रामरावाच्या विहिरीवरून. रामराव हा तिथला शेतकरी, माणूस वाईट नव्हे. पण त्यानं दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं, "हे पाहा बायाहो, सोयाबीन निघालं, आता मी हरभरा पेरतो. एकदा हरभऱ्याले पानी सुरू झालं की मोटरीच्या पेटीले कुलूप. मंग मले दोष देऊ नका." म्हणजे दिवाळी सरली की पाणी सरलं. उरलं ते गावातल्या शेवटच्या घराचं, पुष्पाबाईचं दार. तिच्या नळावर हंडा भरायचा तर हंड्यापेक्षा तिची बोलणीच जास्त डोक्यावर घेऊन यावी लागत. "भरा, भरा. तुमचंच गाव हाये. आम्हीच उठून जातो कोठीतरी," असं ती म्हणायची आणि तोटी चिमटीत धरून बारीक करायची.

कारभारी आमदारांकडं किती वेळा गेला असेल! आमदार म्हणजे रंगरावभाऊ. त्यांचं उत्तर ठरलेलं: "प्रस्तावात हाये." गावातले त्यांचे कार्यकर्ते त्याला बाहेर गाठून खरं कारण सांगत. "कारभारी, तुह्या वस्तीत मतं कोठी हायेत बे? कोनाचं मत बऱ्हानपुराकडं, कोनाचं बिहारात, कोनाचं कोठीच नाही. नळ काय कुल्फीवाल्याच्या घंटीले लावू?"

हे खरंच होतं. इथं मत असलेली माणसं त्या वस्तीत मोजकी. पण इतकी वर्षं सभांचे मंडप घालून कारभाऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती: उमेदवार डोकी पाहतो. सतरंजी भरली की त्याचा जीव भरतो. त्या डोक्यांपैकी किती मतदार, किती चिवड्यासाठी आलेले, हे विचारायला त्या दिवसांत सवड असते कोणाला?

विधानसभेची निवडणूक लागली आणि कारभारी खुर्चीवर चढला, तो असा.

"समिती कोणाला तरी जाहीर पाठिंबा देणार," तो माईकमध्ये म्हणाला. "जो नळ देईल त्याला!"

"देतो म्हनतील तिघंही," अन्नपूर्णा खालून बोलली. तिला माईक लागत नसे. "तोंडाले काय लागते? हंडा उचलाले लावा. रामरावच्या विहिरीवरून भरून इथपर्यंत आनला पाह्यजे. ज्यानं आनला त्याच्याशी बोला."

सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना आपली कल्पना बायकोनं चोरल्यासारखं वाटलं, ती त्यांना अजून सुचली नव्हती एवढंच. त्यांनी तो ठराव आपला म्हणून मंजूर केला.

पहिले आले रंगरावभाऊ. चार गाड्या, मागं पोरं, पुढं त्यांचा उजवा हात गोपाल. या गोपालचं काम एवढंच की भाऊंच्या वाट्याचं जे जे कष्टाचं ते आपण करायचं. विहिरीपासून वस्तीपर्यंत वाट सोयाबीनच्या धसकटांतून. गोपालनं हंडा भरला, खांद्यावर घेतला, चप्पल दोनदा तुटली, 'अगं आई गं' करत तो वस्तीच्या तोंडाशी आला. तिथं भाऊ गाडीतून उतरले. गोपालनं हंड्यातलं बरंचसं पाणी ओतून दिलं, भाऊंना झेपेल एवढं ठेवलं, आणि हंडा त्यांच्या खांद्यावर दिला. फोटो निघाले. भाऊ एवढे धापा टाकत होते की त्यांनीच हंडा पार मध्य प्रदेशातून आणला असं वाटावं. मग त्यांनी गाडीतली बाटली काढली, झाकण फोडलं, गटगट पाणी प्याले आणि म्हणाले, "तुमच्या वस्तीचं दुःख मले आज समजलं. पन आचारसंहिता लागली ना! आता मले खिळासुद्धा ठोकता येत नाही. निवडून आलो की पयलं काम हेच."

आता बघा, माणूस दारात आला, दोन गोड शब्द बोलला, तर त्याला तसाच कसा वाटेला लावायचा? कारभाऱ्याकडे सत्काराचं साहित्य कायम तयार. एक शाल, एक फेटा, एक नारळ. शाल एकच, बरं का. फोटो झाला की हळूच काढून घडी घालायची, ही मंडपवाल्यांची रीत; सत्कारमूर्तींनाही ती माहीत असते, कोणी मनावर घेत नाही. कारभाऱ्यानं भाऊंना शाल घातली आणि माईकमध्ये म्हणाला, "बाहेरगावकर हक्क समिती आपणास जाहीर पाठिंबा देत आहे!"

अन्नपूर्णानं कपाळावर हात मारला. "अवो, हंडा गोपालनं आनला. पाठिंबा गोपालले द्या!"

दुसऱ्या आल्या मंजुश्रीताई. सासर राजकारणातलं, साडी इस्त्रीची, पण माहेर देऊळगाव राजाच्या बाजूचं, कोरडं. त्यांनी आल्याआल्या चुंबळ मागितली, आपल्या हातानं पदराची घडी घातली, हंडा भरून डोक्यावर घेतला आणि चालायला लागल्या, तेही एक हात कमरेवर ठेवून! बायांची तोंडं उघडी राहिली. अर्ध्या वाटेवर फोटोवाल्याची बॅटरी संपली. ताईंनी मागं वळून पाहिलं, त्याचं तोंड पाहिलं, आणि हंडा तिथंच सोबतच्या एका बाईच्या डोक्यावर दिला. उरलेल्या वाटेनं त्या आपल्या बालपणावर बोलल्या. वस्तीत येऊन म्हणाल्या, "तुमचं दुःख मी डोक्यावर घेतलं आहे." ज्या बाईच्या डोक्यावर ते खरंच होतं तिनं ते धापकन खाली ठेवलं.

तीच शाल. ताईंना फेटा कसा बांधायचा, म्हणून गजरा. तेच भाषण.

"अवो, पाठिंबा काल दिला ना रंगरावले?" अन्नपूर्णानं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"दिला."

"मंग आज?"

"आजही दिला. काल एका लग्नाला आहेर केला म्हणून आज दुसऱ्या लग्नाला जायचंच नाही का? ज्यानं बोलावलं त्याला आहेर. आपण काही नवरीबरोबर नांदायला जात नाही."

आणि गंमत सांगू का, त्याच्या मनात यात काहीही लबाडी नव्हती. आयुष्यभर त्यानं हेच पाहिलेलं. हार सगळ्यांना, नारळ सगळ्यांना, 'आपलंच घर समजा' सगळ्यांना. पाठिंबा हा आहेरातला प्रकार नाही, एकालाच द्यायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं; आणि अध्यक्षाला सांगणार कोण?

तिसरे कचरूशेठ. कापसाच्या जिनिंगचे मालक, तिकीट नाकारलं म्हणून रागानं उभे राहिलेले. त्यांनी हंडा पाहिला आणि हसले. "हंडा कायले? अपुन छोटी बात करतच नाही." त्यांनी जिनिंगचा ट्रॅक्टर बोलावला, मागं पाण्याची टाकी. समितीची तिथल्या तिथं बैठक बसली. नियमात हंडा होता, टाकी चालेल का? अध्यक्ष विचार करत होते तोवर बायांनी टाकीची तोटी सोडली, हंडे भरले, बादल्या भरल्या, कुल्फीवाल्यानं आपले डबेही भरून घेतले. ठराव आपोआप मंजूर. शाल पुन्हा निघाली. तेवढ्यात गडबडीत ती अन्नपूर्णाच्या कढीच्या पातेल्याला लागली आणि कडेला डाग पडला. पण फोटोत कोण बघतो, म्हणून कारभाऱ्यानं ती बाजू खांद्यावर तशीच राहू दिली.

आणि फोटोत सगळ्यांनी तेवढंच पाहिलं.

झालं काय, तिघांनीही फ्लेक्स छापून आणले. गावात फ्लेक्स लावायला जागा एकच, एसटीच्या थांब्यासमोरची भिंत. सकाळी लोक पाहतात तो ओळीनं तीन फ्लेक्स. तिन्हींवर 'बाहेरगावकर हक्क समितीचा जाहीर पाठिंबा'. तिन्हींवर कारभारी, हात जोडलेला, तेच हसू. मधे एकदा रंगरावभाऊ, एकदा मंजुश्रीताई, एकदा कचरूशेठ, आणि तिघांच्या अंगावर एकच मोरपंखी शाल. पहिल्या दोघांवर स्वच्छ, तिसऱ्यावर कढीसकट. एसटी येऊन थांबली तर ड्रायव्हर खाली उतरून बघायला गेला. धाडकडं जाणारी माणसं बुलढाण्यात उतरून सांगत गेली. ज्या गावात कारभाऱ्याला कोणी विचारत नव्हतं, तिथं पोरं 'तिघांचे अध्यक्ष' म्हणून हाक मारायला लागली.

गोपालचा फोन आला. "कारभारी, हा काय तमाशा हाये? भाऊ तापले हायेत!"

"शाल धुवायला टाकली आहे," कारभारी म्हणाला.

"शालीचं कोन बोलून राह्यलं बे! पाठिंबा कोनाले?"

"तुम्हाला."

"मंग त्या दोघाइले?"

"त्यांनाही."

फोन बंद झाला. अन्नपूर्णा चुलीजवळ बसून एवढी हसली की भाकरी करपली. पण हसू संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अन् नळ कोन देईन आता? तिघंही म्हनतील दुसऱ्याले मागा."

आहेर देताना परत काय येणार याचा हिशेब ठेवत नसतात, असं त्याला म्हणायचं होतं. पण रिकाम्या रांजणाकडं बघून त्यानं त्याचं झाकण तेवढं नीट लावलं.

मतदान झालं. कचरूशेठची टाकी आदल्या संध्याकाळपर्यंत आली आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला कापूस वाहायचं काम निघालं. त्याच आठवड्यात रामरावाचा हरभरा वर आला आणि पेटीला कुलूप लागलं. बाया पुष्पाबाईच्या दारात. अन्नपूर्णा रांगेत उभी राहिली तेव्हा पुष्पाबाई म्हणाली, "काव अन्नपूर्णे, तिघंतिघं आमदार केले तुह्या नवऱ्यानं. एकाच्याही घरी पानी नाही?"

"हाये ना," अन्नपूर्णा म्हणाली, "पन तिथंही तोटी तूच धरून बसली असशीन."

भांडण झालं, आणि तोटी त्या दिवसापुरती बंद. अन्नपूर्णा रिकामा हंडा घेऊन परत आली, नवऱ्यासमोर आणून आपटला. त्या रात्री त्याच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या नव्हता.

निकाल लागला. रंगरावभाऊ थोडक्यात बचावले. थोडक्यात वाचलेला माणूस फार हिशेब काढतो. कोण आपलं, कोण परकं, कोण आपलं म्हणून परक्याच्या गाडीत बसलं. आणि एक दिवस पाव्हणेवाडीत ट्रक आला, पाइप उतरवून बाजूला उभा राहिला. काळे, नवेकोरे पाइप, रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले. बाया त्यांना हात लावून बघत होत्या. मागोमाग गोपाल आला.

"उद्या भाऊचा सत्कार हाये, इथंच, वस्तीत," तो म्हणाला. "मांडव तुहाच. पन एक गोष्ट. भाषनात तुले म्हनाव लागन, मंजुश्रीताई अन् कचरूशेठले दिलेला पाठिंबा खोटा होता, फसवून घेतला होता. खरा फक्त भाऊले होता. असं म्हटलं की त्याच दिवशी खोदकाम सुरू. नाही म्हटलं, तर ट्रक रिकामाच उभा हाये, पाइप परत चढवाले वेळ लागत नाही."

"आणि मी म्हटलं, तर कचरूशेठ पुढं मला मंडपाचं काम देईल?"

"ते तुह्यं तू पाह्य."

कारभाऱ्यानं त्या संध्याकाळी मंडप घातला तो असा की अन्नपूर्णानं तीनदा झालर सोडून पुन्हा बांधायला लावली. एक बाजू वर, एक खाली. "काय करता?" तिनं विचारलं.

"तू काय म्हणशील?"

"म्या कायले म्हनू? अध्यक्ष तुम्ही." मग जरा थांबून म्हणाली, "पन उद्या माहा हंडा कोरडा राह्यला, तर मले समितीत धरू नका."

दुसऱ्या दिवशी सतरंजी भरली. गावही आलं, कारण फजिती पाहायला पाइपाची गरज नसते. पुष्पाबाई पहिल्या रांगेत. रंगरावभाऊ खुर्चीवर, अंगावर शाल. ती नवी होती; गोपालनं बाहेरून आणली होती, या वेळी धोका नको म्हणून. पाइपांच्या ढिगाजवळ मजूर कुदळी घेऊन बसले होते आणि स्टेजकडं बघत होते.

भाऊ उठले. त्यांनी माईक स्वतः कारभाऱ्याच्या हातात दिला, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गोड आवाजात विचारलं, "कारभारी, आज सगळ्याइसमोर सांगून टाका. तुमचा खरा पाठिंबा कोनाले होता?"

कारभाऱ्यानं माईकवर टिचकी मारली. त्या वस्तीत संक्रांतीच्या आधी नळाला पाणी आलं. ते कशामुळं आलं, यावर गावात अजून वाद आहे आणि तो मिटवायचा कोणाचाच विचार दिसत नाही. पण कारभारी त्या दिवशी माईकमध्ये जे बोलला, ते शब्दाला शब्द असं:

"भाऊ, त्या दोघांना दिलेला पाठिंबा खोटा होता, हे मी सांगतो, आत्ता, याच माईकवर. आणि तुम्हाला दिलेला पण खोटाच होता, कारण तिघांना एकच भाषण केलं होतं मी, एक शब्द इकडचा तिकडं नाही. खरा पाठिंबा समितीनं अजून कोणालाच दिलेला नाही, तो राखून ठेवलाय. ते पाइप जोडा, पाणी येऊ द्या, पहिला हंडा माझ्या बायकोचा भरू द्या, मग मी ह्याच खुर्चीवर चढून तुम्हाला खरा पाठिंबा देतो, आणि एकट्यालाच देतो. नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा तिघं येतील, चौघं येतील, मी आहेच इथं, खोटा पाठिंबा कितीही लोकांना पुरतो."